पडद्यावरचा येशू, पडद्यापुढचे शेजारी

विदर्भाच्या इतिहासात १९५६ या एका सालात फार दाटी झाली आहे. १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि यवतमाळ जिल्हा जुन्या मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल बाहेर पडला. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते, आणि समिती नेमली होती मध्यप्रदेश सरकारनं, म्हणजे तेव्हाच्या यवतमाळच्याच सरकारनं. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, अशी शिफारस त्या अहवालात होती. आणि ८ नोव्हेंबरला तिकडे न्यूयॉर्कमध्ये सेसिल बी. डेमिल या दिग्दर्शकाचा ‘द टेन कमांडमेंट्स’ पडद्यावर आला. पावणेचार तासांच्या आसपासचा चित्रपट, मिसरच्या वाळवंटात जाऊन केलेलं चित्रीकरण, हजारोंची गर्दी, दुभंगणारा समुद्र आणि मोशेच्या भूमिकेत चार्ल्टन हेस्टन.

पहिल्या तीन घटनांनी यवतमाळच्या ख्रिस्ती माणसाचं आयुष्य बदललं. चौथीचा त्याच्याशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण बायबलमधल्या कथांवरचे हॉलिवूडचे चित्रपट आणि ते पाहणारे ख्रिस्ती प्रेक्षक हा विषय मी मनात घोळवू लागलो, तेव्हा या चारही घटना एकत्र ठेवल्याशिवाय तो मला उलगडेना. अमेरिकेतला ख्रिस्ती प्रेक्षक असा चित्रपट पाहतो तेव्हा थिएटरात बहुतेक त्याच्यासारखेच लोक असतात. यवतमाळचा ख्रिस्ती प्रेक्षक तो पाहतो तेव्हा शेजारी बौद्ध असतो, हिंदू असतो, मुसलमान असतो, कोलाम आणि गोंड असतो. आणि त्या शेजाऱ्याच्या हातात नियोगी अहवाल नसला, तरी त्यातला संशय त्याच्या कानावर आलेला असतो.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात ख्रिस्ती धर्म आला तो प्रामुख्यानं फ्री मेथडिस्ट या अमेरिकन मिशनच्या मार्फत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा या जिल्ह्याचं नावही यवतमाळ नव्हतं, वणी जिल्हा होतं. पुढे शाळा आल्या, पांढरकवड्याकडे उमरीचं मिशन हॉस्पिटल आलं. १९५३ मध्ये तर या आडबाजूच्या गावाला देशाच्या ख्रिस्ती नकाशावर मोठी जागा मिळाली. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडवणारी संस्था यवतमाळात सुरू झाली. फ्रँक क्लाइन हे तिचे पहिले प्राचार्य. पुढे सफीर अथ्याल यांच्या रूपानं भारतीय प्राचार्य आले. देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतली मुलं ग्रीक आणि हिब्रू शिकायला, बायबलचा अभ्यास करायला यवतमाळच्या उन्हात येऊन राहत. तीस वर्षं ही संस्था इथे होती. १९८३ मध्ये ती पुण्याला, बिबवेवाडीला गेली. आज तिचं नाव पुण्याशी जोडलं जातं, पण तिचे जुने विद्यार्थी देशभरातल्या मंडळ्यांमध्ये पाळक झाले, आणि त्यांच्या शिक्षणाची वर्षं यवतमाळात गेली, हे विसरता कामा नये.

एवढं असूनही संख्येनं इथली ख्रिस्ती मंडळी मूठभरच. २०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे पावणेअकरा लाख, म्हणजे एका टक्क्याच्या जरा आत, आणि त्यातला मोठा भाग मुंबई-वसई-पुण्याकडचा. यवतमाळची लोकसंख्या पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास आणि तिच्यातला ख्रिस्ती वाटा त्याहून किती तरी लहान. त्यामुळे चित्रपटाच्या धंद्याच्या दृष्टीनं यवतमाळात ‘ख्रिस्ती प्रेक्षक’ अशी काही चीज अस्तित्वातच नव्हती. विदर्भ सी.पी.-बेरार नावाच्या वितरण-सर्किटात येई. रिळांचा व्यवहार अमरावती आणि भुसावळच्या वितरकांच्या कचेऱ्यांतून चाले. तिथे बसलेला माणूस हिशेब करणार तो हिंदी चित्रपटाचा. इंग्रजी चित्रपट नागपूरच्या पुढे सरकला तर सरकला. सरकलाच तर तो तिकिटं काढणाऱ्या सगळ्यांसाठी, मारामारी आणि रथांची शर्यत पाहायला येणाऱ्या पोरांसाठी. १९५९ च्या ‘बेन-हर’ला अकरा ऑस्कर मिळाले. आपल्याकडे तो लोकांच्या लक्षात राहिला तो शर्यतीसाठी. त्या चित्रपटात ख्रिस्ताचा चेहरा एकदाही दिसत नाही, हे ध्यानात ठेवणारा प्रेक्षक बहुधा रविवारी उपासनेला जाणाराच असणार.

चर्चच्या भिंतीआड मात्र चित्रं पूर्वीपासून होती. मिशनरी मॅजिक लँटर्न घेऊन गावोगाव फिरत, काचेवरची रंगीत चित्रं चादरीवर पाडत. संडे स्कूलमध्ये गुंडाळी उलगडत जाणारे चित्रपट्ट असत. १९२७ मध्ये डेमिलचा मूक ‘द किंग ऑफ किंग्ज’ आला आणि तो जगभरच्या मिशनांनी उचलला. मूकपट असल्यानं भाषेची अडचण नव्हती. मधल्या पाट्यांवर शुभवर्तमानांतल्या ओळी, त्याही अध्याय आणि वचनाच्या आकड्यांसह. पडद्याशेजारी उभा राहून कुणीही त्या आपल्या भाषेत वाचून दाखवू शकत होता. त्या चित्रपटात येशू प्रथम दिसतो तो एका आंधळ्या मुलीला दृष्टी येताना, तिच्याच डोळ्यांतून. डेमिलच्या बाकीच्या भपक्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. पण हा एक प्रसंग मी त्याच्या सगळ्या समुद्र-दुभंगांपेक्षा मोठा मानतो.

अमेरिकेत या चित्रपटांवरून जे वाद झाले ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरतात: हे शास्त्राप्रमाणे आहे का? २००४ मध्ये मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ आला. संवाद अरामाइक, लॅटिन आणि हिब्रूत, खाली पाट्या. सुमारे तीन कोटी डॉलरमध्ये केलेल्या या चित्रपटानं जगभरात साठ कोटींहून अधिक मिळवले. चर्चेसनी बसगाड्या भरून माणसं नेली. त्या दिवसापासून हॉलिवूडला कळलं की उपासनेला जाणारा माणूस तिकीटही काढतो. मग स्टुडिओ पाळकांना आधी खास खेळ दाखवू लागले, त्यांची मतं घेऊ लागले. ख्रिस्ती माणूस ही एक बाजारपेठ झाली.

त्या बाजारपेठेची सगळ्यात मोठी परीक्षा २०१४ मध्ये झाली. डॅरेन ॲरोनॉफ्स्कीचा ‘नोआ’ मार्चमध्ये आला, रिडली स्कॉटचा ‘एक्झोडस: गॉड्स अँड किंग्ज’ डिसेंबरात. ‘नोआ’ पाहून अमेरिकेतले पुष्कळ ख्रिस्ती चिडले. दगडी देह घेतलेले देवदूत कुठून आले? आपल्याच नातींना मारायला निघालेला नोहा कुठल्या बायबलात आहे? पॅरामाउंट कंपनीला जाहिरातींत खुलासा जोडावा लागला की चित्रपट कथेवरून सुचलेला आहे आणि कलावंतानं मोकळीक घेतली आहे. ‘एक्झोडस’मध्ये देव एका लहान मुलाच्या रूपात दिसतो, यावर आक्षेप. मोशे झालेला क्रिश्चन बेल मोशेच्या मनःस्थितीविषयी जे बोलला त्यावर आक्षेप. मिसरी राजघराण्यात गोरे नट घेतले म्हणून वेगळा आक्षेप. हा चित्रपट मिसर आणि मोरोक्कोमध्ये बंद पाडला गेला, तर ‘नोआ’ कतार, बहरीन, संयुक्त अरब अमिराती आणि इंडोनेशियात, कारण इस्लामच्या रीतीप्रमाणे पैगंबराचं चित्रण करायचं नसतं.

आता हीच दोन नावं यवतमाळ, दिग्रस, पुसद, उमरखेडच्या एखाद्या गल्लीत आणा. ख्रिस्ती घरातला नोहा मुसलमानाच्या घरी नूह आहे, आणि मोशे तिथे मूसा आहे. ब्राह्मण असो की कुणबी, प्रलय आणि नाव म्हटलं की त्याला मनू आठवतो, त्या नावेला ओढणारा मासा आठवतो. बौद्ध घरात मोशे अनोळखी नाही. डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षेच्या पंधरा वर्षं आधी, १९४१ मध्ये, मोशेवर इंग्रजीत लेख लिहिला होता. आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढणाऱ्या या माणसाच्या कथेतून आपल्याला बळ मिळतं, असा त्याचा आशय. विदर्भातल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांची मुळं दलित वस्त्यांतच आहेत. एकाच भावकीतला एक भाऊ चर्चमध्ये गेला, दुसऱ्याच्या मुलानं १९५६ मध्ये दीक्षाभूमीचा रस्ता धरला. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. दलित ख्रिस्ती माणसाला त्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून आजवर मिळालेल्या नाहीत. अशा दोन भावांच्या नातवंडांनी शेजारी बसून निर्गमाची कथा पडद्यावर पाहिली, तर त्यांना जे दिसेल ते लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकाला कधी दिसणार नाही. डेमिल आपल्या चित्रपटाच्या सुरुवातीला स्वतः पडद्यासमोर येऊन सांगतो की माणसानं देवाच्या कायद्याखाली राहायचं की हुकूमशहाच्या लहरीखाली, हा या कथेचा विषय आहे. त्याच्या मनात शीतयुद्ध होतं. विटा थापणाऱ्या गुलामांकडे पाहताना वेठबिगारी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या घरातला माणूस मॉस्कोचा विचार करत नाही.

म्हणून मला वाटतं की यवतमाळच्या ख्रिस्ती प्रेक्षकाचा प्रश्न अमेरिकन प्रेक्षकाच्या प्रश्नाहून मोठा आहे. ‘हे शास्त्राप्रमाणे आहे का’ हे तर तो विचारतोच. बायबल पाठ असलेली आजी कुठल्याही दिग्दर्शकाची चूक चटकन पकडते. पण त्यापुढे त्याला आणखी एक विचारायचं असतं: हे पाहून माझा शेजारी मला अधिक ओळखेल की मी त्याला आणखी परका वाटेन? निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा, इंग्रजी बोलणारा येशू पडद्यावर आला की ‘हा गोऱ्यांचा देव’ हे वाक्य सिद्ध झाल्यासारखं होतं. पिढ्यान्‌पिढ्या मराठी ख्रिस्ती माणूस हेच वाक्य खोडत आला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं ते त्यासाठी. पंडिता रमाबाईंनी मुक्तीसदनात बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं ते त्यासाठी. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि ते भाषांतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं. हॉलिवूडचा एक भपकेबाज चित्रपट हे सगळं कष्टाचं काम अडीच तासांत उलटं फिरवू शकतो. ‘नोआ’मधल्या दगडी देवदूतांपेक्षा मला या गोष्टीची जास्त चिंता वाटते.

तरीही शेजाऱ्यानं बायबलचा चित्रपट पाहण्यातून काय घडू शकतं, याचा सगळ्यात मोठा दाखला मराठी माणसाच्याच नावावर आहे. १९१०-११ च्या सुमाराची गोष्ट. हॉलिवूडचा तेव्हा जन्म व्हायचा होता. मुंबईत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ दाखवला जात होता. तो बहुधा फ्रेंच मूकपट असावा. प्रेक्षकांत त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके होते. पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी या अनुभवाविषयी लिहिलं. पडद्यावर ख्रिस्ताची चित्रं सरकत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण येत होता, राम येत होता, गोकुळ आणि अयोध्या येत होती. त्यांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला, पत्नी सरस्वतीबाईंनाही नेलं. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

ही गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण ती सांगताना ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हे नाव घाईघाईनं ओलांडतो. मला ते ओलांडता येत नाही. एका परधर्माची कथा भक्तिभावानं पाहून एका वैदिक ब्राह्मणाला आपल्या देवांचं दर्शन घडवावंसं वाटलं. फाळक्यांनी तो चित्रपट हसण्यावारी नेला नाही, त्यातल्या ख्रिस्ताचा रागही केला नाही. ख्रिस्ताच्या कथेनं त्यांना ख्रिस्ती केलं नाही आणि त्यांच्या मनातला कृष्णही धूसर केला नाही. दोघांनाही तिथे जागा होती. नियोगी अहवालाला जे भय वाटत होतं, आणि उलट बाजूनं काही उतावळ्या प्रचारकांना जी आशा वाटत होती, त्या दोन्हींपेक्षा वेगळं काही गिरगावच्या त्या अंधारात झालं होतं. भारतीय सिनेमा त्यातून जन्मला.

गावाकडच्या पडद्याचा इतिहास नंतरचा आहे आणि तो घडवला दोन चित्रपटांनी. पहिला आपल्याच देशातला. यवतमाळच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, म्हणजे तेलुगू मुलूख. झरी-जामणी, केळापूर, वणीकडे तेलुगू कानावर येते, बाजारहाट आणि सोयरीक दोन्ही नदी ओलांडून होतात. त्या भाषेत १९७८ मध्ये ‘करुणामयुडु’ निघाला. दिग्दर्शक ए. भीमसिंग, येशूच्या भूमिकेत विजयचंदर. ‘दयासागर’ या नावानं तो हिंदीत आला आणि प्रचारकांच्या पथकांनी तो खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं फिरवला. त्याचा बाज आपल्या पौराणिक चित्रपटांचा आहे. गाणी आहेत, भडक रंग आहेत, करुणेचे लांबलचक प्रसंग आहेत. शहरी समीक्षकाला तो जुनाट वाटेल. पण एन.टी. रामाराव यांना कृष्ण म्हणून पाहिलेल्या प्रेक्षकाला विजयचंदरचा येशू पाहायला वेगळं काही शिकावं लागत नाही. डोळे सवयीनं दर्शन घेतात. तो येशू त्यांच्याच भाषेत रडतो आणि त्यांच्याच सुरात गाऊन सांत्वन करतो.

दुसरा चित्रपट १९७९ चा ‘जीझस’. निर्माते जॉन हेमन, आणि मागे कॅम्पस क्रूसेड ही अमेरिकन संस्था. साठ लाख डॉलरच्या खर्चात इस्राएलमध्ये चित्रित झालेला हा चित्रपट लूककृत शुभवर्तमानाला जवळजवळ ओळीओळीनं धरून चालतो. येशू झालेला ब्रायन डीकन ब्रिटिश, पण भोवतालचे बरेचसे चेहरे येमेनहून आलेल्या यहूद्यांचे, म्हणजे पश्चिम आशियाचे. अमेरिकेतल्या थिएटरांत तो फार गाजला नाही. पण त्याचं खरं आयुष्य पुढे सुरू झालं. दोन हजारांहून अधिक भाषांत त्याचं रूपांतर झालं. जगात सर्वाधिक भाषांत गेलेला चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. मराठीत तो आहेच. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, एक जनरेटर, दोन बांबूंना बांधलेला पांढरा कपडा आणि भोंगा, एवढ्या सामानावर तो देशभरातल्या खेड्यांत दाखवला गेला. कापडी पडदा दोन्ही बाजूंनी दिसतो. समोर माणसं मावली नाहीत की मागे बसत, पाट्या उलट्या दिसल्या तरी बोलणं सरळच ऐकू येई.

कलाकृती म्हणून ‘जीझस’ सपाट आहे, हे मी मान्य करतो. गिब्सनचा आवेग त्यात नाही. १९७७ च्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’मध्ये झेफिरेल्लीनं प्रत्येक चौकटीत भरलेला उजेड त्यात नाही. तरी कोरडवाहू शेतीच्या या जिल्ह्यात तो कसा पोचतो याचा विचार केला की त्याची ताकद कळते. लूकच्या आठव्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला आहे. काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर पडून ओल नसल्यानं वाळतं, काही काटेरी झुडपांत गुदमरतं, काही चांगल्या जमिनीत पडून शंभरपट पीक देतं. अमेरिकेच्या उपनगरातल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागतं. जून कोरडा गेला की दुबार पेरणीचं कर्ज काढणाऱ्या, बरडावर कापूस लावणाऱ्या शेतकऱ्याला ओल नसलेलं बी म्हणजे काय हे कुणी सांगायला नको. सावकार, दोन कर्जदार, दाणे साठवायला मोठी कोठारं बांधणारा श्रीमंत, न्यायासाठी अधिकाऱ्याच्या दारात खेटे घालणारी विधवा, हे सगळे लूकमध्ये आहेत. या जिल्ह्यात कर्ज आणि आत्महत्या यांनी किती घरं पोखरली, हे महाराष्ट्राला माहीत आहे. अशा घरातली बाई अंगणात बसून त्या विधवेची गोष्ट मराठीत ऐकते तेव्हा तिचा धर्म कोणता हे विचारायची मला गरज वाटत नाही.

हे सगळं रम्य करून सांगायचं माझ्या मनात नाही. उघड्यावरचे असे खेळ देशाच्या अनेक भागांत दंगलीचं, मारहाणीचं निमित्त झाले. शेजारच्या मध्यप्रदेशात १९६८ पासून धर्मांतरविरोधी कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. संशयाची हवा राज्याची सीमा पाहून थांबत नाही. परवानग्या, पोलिसांची विचारपूस, गावातल्या कुणीतरी केलेली तक्रार यांत मंडळ्या दमून जातात आणि मग अंगणातला पडदा चर्चच्या चार भिंतींत जातो. काही दोष दाखवणाऱ्यांचाही आहे. चित्रपट संपला की लगेच हात वर करायला सांगणारा, पाहुण्याला गिऱ्हाईक समजणारा प्रचारक मला कधीच पटला नाही. ज्यानं शेजाऱ्याला गोष्ट ऐकायला बोलावलं, त्यानं गोष्ट सांगून त्याला चहा द्यावा आणि घरी जाऊ द्यावं. फाळक्यांना कुणी हात वर करायला सांगितलं नव्हतं.

चित्रपटानं मूळ कथेत भर घालावी का, हा प्रश्नही मराठी ख्रिस्ती माणसाला नवा नाही. १६१६ मध्ये राचोलच्या छापखान्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. आदाम-हव्वेपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची सगळी कथा पुराणाच्या घाटात. तिच्या आरंभी साष्टीतला एक नवख्रिस्ती पाद्रींना म्हणतो की आमची जुनी पुराणं गेली, आता आम्हाला वाचायला आमच्या रीतीचं काहीतरी द्या. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. रूपांतराची मागणी प्रेक्षकानं केली, धंद्यानं नाही. स्टीफन्स यांनी वर्णनं फुलवली, उपमा कोकणातून घेतल्या, आणि गोव्याच्या चर्चेसमध्ये लोकांनी ते पुराण पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं. कोकणातल्या बेने इस्राएली यहूद्यांनी तर एकोणिसाव्या शतकात अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर मराठी कीर्तनं उभी केली, टाळ-मृदंगासह. टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. या सगळ्यांनी भर घातली. नोहा बायबलात जवळजवळ मुका आहे. प्रलयाच्या चार अध्यायांत तो प्रथम बोलतो ते नवव्या अध्यायाच्या अखेरीस, आणि बोलतो तो शाप. ज्याला नोहाची गोष्ट तासभर सांगायची आहे त्याला भर घालावीच लागेल. माझा ‘नोआ’वरचा आक्षेप भर घातल्याचा नाही. ॲरोनॉफ्स्की नोहाला एका भयाण कल्पनेत इतका ओढतो की तारूतून उतरलेल्या माणसासाठी देवानं ढगात इंद्रधनुष्य ठेवलं ते कशासाठी, हे त्याच्या चित्रपटात कोपऱ्यात पडतं. तो करार, पुन्हा असा प्रलय येणार नाही हे वचन, या कथेचं काळीज आहे. स्टीफन्स असते तर त्यांनी दगडी देवदूत आनंदानं घेतले असते, पण त्या धनुष्यावर शंभर ओव्या लिहिल्या असत्या.

आता पडदा हातात आला आहे. २०१९ पासून डॅलस जेन्किन्स यांची ‘द चोझन’ ही मालिका चालू आहे. पहिल्या पर्वासाठी प्रेक्षकांनीच एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली. तिचा येशू, जोनाथन रूमी, हसतो, थकतो, शिष्यांची थट्टा करतो. शिष्यांना बायका आहेत, कर्जं आहेत, भांडणं आहेत. या मालिकेवर माझा जीव आहे. आपल्याकडे ती मुख्यतः मोबाइलवर पाहिली जाते. यवतमाळातली तरुण मुलगी रात्री अंथरुणात, कानात इयरफोन घालून ती पाहते. तिची आजी ज्या कापडासमोर बसायची तिथे अर्धं गाव असायचं. नातीच्या कानात शिरणारा येशू शेजारच्या घरात कुणाला ऐकूही जात नाही. हॉलिवूडच्या दृष्टीनं हे यश आहे, कारण पाहणाऱ्यांची संख्या वाढली. मला मात्र यात जे गेलं ते फार मोठं वाटतं. शेजारी गेला. आणि शेजारी गेल्यावर त्याच्या मनात राहिलं ते फक्त ऐकीव.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. पुढच्याच वर्षी, उस्मानाबादला, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो संमेलनाध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीवरून थोडी खळखळ झाली, पण मराठी वाचकांनी त्यांना आपलं मानलं. शेजारी परत बोलावता येतो याचा तो पुरावा आहे.

म्हणून माझी यवतमाळच्या मंडळ्यांना, आणि तिथल्या फिल्म सोसायटी चालवू पाहणाऱ्या तरुणांना, एक विनंती आहे. शतकापूर्वीचे ख्रिस्तचरित्राचे फ्रेंच मूकपट आता कुणाच्याही मालकीचे राहिलेले नाहीत, ते मोफत मिळतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं जपली आहेत. येत्या नाताळाच्या आठवड्यात एका संध्याकाळी हे दोन्ही एकाच कापडावर दाखवावेत, आधी ख्रिस्त, मग हरिश्चंद्र. मूकपट आहेत, तेव्हा एका बाजूला पाळकसाहेबांनी उभं राहून शुभवर्तमान वाचावं, दुसऱ्या बाजूला गावातल्या कीर्तनकारांनी हरिश्चंद्राचं आख्यान लावावं. परवानगीचा अर्ज दोघांच्या सह्यांनी जावा. निमंत्रण बुद्धविहारात, मशिदीत आणि देवळात स्वतः जाऊन द्यावं, आणि खुर्च्या अंगणात मांडाव्यात.